हाडाला टिकेल असं पातं

वाकलेलं

शनिवारी मारोतीच्या पारावर धोंडीबानं ते पातं भिवाजी लोहारासमोर फेकलं. बाणाच्या तुटक्या काडीसकट फेकलं. नारळ फोडायच्या दगडावर ते खणकन वाजायला हवं होतं, पण आवाज आला तो बद्द. टोक उन्हात वाळलेल्या पळसाच्या पानासारखं वळून मागं आलेलं.

"हे तुमचं लोखंड, काका," धोंडीबा म्हणाला. "याच्या भरवशावर आमी डुकरापुढं उभं राहाचं."

पारावर निम्मं गाव होतं. भिवाजीनं खाली पाहिलं, पण पात्याला हात लावला नाही. त्याचे वडील या गावाला पाती करून देत, त्यांचे वडीलही. तो उठला, धोतराचा सोगा झटकला आणि पायऱ्या उतरला. जाता जाता एवढंच बोलला की विळे करीन, कुऱ्हाडी करीन, पातं मात्र आता या गावासाठी करायचं नाही. कोणी त्याला थांबवलं नाही. धोंडीबानं पातं उचलून बंडीच्या खिशात घातलं आणि आपण बरोबर केलं असं त्याला वाटलं.

त्या आधीच्या आठवड्यात झालं ते असं. तामसीच्या पुढं ओढ्याकाठी उद्धवरावचं शेत आहे. ज्वारी दाण्यावर आलेली, तिच्यात डुक्कर शिरलं. गावात पूर्वी एक ठासणीची बंदूक असे, पण इंद्रवेल्लीला गोळीबार झाला त्या साली ती ठाण्यात जमा झाली आणि तिथंच राहिली. म्हणून कामठे-बाण घेऊन माणसं गेली. डबे वाजवून हाका झाला. डुक्कर धोंडीबाच्या अंगावर आलं, धोंडीबानं दोरी सोडली, बाण खांद्यावर बसला. रक्त दिसलं. पण बाण आत गेला नाही. वाकला, लोंबकळला, गळून पडला. डुक्कर वळलं. धोंडीबाकडं नाही, त्याच्या डाव्या हाताला उद्धवराव उभा होता, त्याच्याकडं.

आदिलाबादच्या दवाखान्यात उद्धवरावचा पाय गुडघ्याच्या वर कापला.


आता जनावर कोणाचं

गावची रीत अशी की ज्यानं पहिलं रक्त काढलं, जनावर त्याचं. मेलं तर खांद्याचा फरा त्याचा. जगलं तर तेही त्याचंच. ते पीक लोळवील, बैल फाडील, माणूस फाडील, त्याचा जाब त्यानं द्यायचा. तो ते मारत नाही तोवर दुसऱ्यानं त्यावर बाण सोडायचा नाही, हाकाही घालायचा नाही. सोडला तर दोघांनाही लागतं म्हणतात. काय लागतं ते कोणी सांगत नाही.

डुक्कर उद्धवरावच्याच ज्वारीत राहिलं होतं. खांदा फुटलेला, एका पायानं अधू, दूर जाववत नव्हतं. आत पाणी जवळ, खायला भरली कणसं. प्रयागबाई, उद्धवरावची बायको, रोज बांधापर्यंत जाई, उभी राही, परत येई. कापणीच्या बाया आत शिरायला तयार नव्हत्या, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

धोंडीबाही रोज बांधावर जाई. खांद्याला कामठा, हातात कसलासा बाण. ज्वारीच्या ताटांमध्ये कुठंतरी काडकन मोडल्याचा आवाज होई आणि तो जागीच थांबे. मग तो परते. पांडुरंगराव म्हणून एक तिखट जिभेचा माणूस होता, तो वाटेवरच्या चिंचेखाली बसलेला असे. तो विचारी, "भेटली का लेक? उद्धवरावच्या ज्वारीत बरी नांदून राह्यली म्हनते तुही लेक."

बाकीचे हसत. धोंडीबाही हसे. हसल्याशिवाय तिथून पुढं जाता येत नसे.

पण एक खरं. प्रयागबाईनं त्याला कधी बोल लावला नाही. तो विचारपूस करायला गेला की ती चहा ठेवी. म्हणे, लोहारानं दगा दिला, भाऊजी, तुमी काय करान. देवाच्या मनात होतं. आणि पदर डोळ्याला लावी. धोंडीबा बशीतला चहा फुंकत बसे. आत खाटेवर उद्धवराव आढ्याकडं पाहत पडलेला असे. तो फार बोलत नसे. पाय गेलेला माणूस काय बोलणार, असं सगळ्यांना वाटे.

ज्वारी कापायला आली होती. धोंडीबाला डुकरासमोर जायचं होतं, एकट्यानं, आणि ज्याच्यावर जीव सोपवता येईल असं एक पातं त्याच्यापाशी नव्हतं.


चकाकतं

पातं निवडायचं म्हणजे नुसती धार पाहायची नसते. ससा, भेकर यांना रुंद पातं चालतं. रुंद पातं रक्त काढतं, जनावर थोडं पळून बसतं. डुकराला ते चालत नाही. नर डुकराच्या खांद्यावर कातड्याखाली एक चामट थर असतो, चपलेच्या तळासारखा. तो फाडायला पातं अरुंद पाहिजे, मधून कणा असलेलं. कठीण पाहिजे म्हणजे वाकत नाही. आणि फार कठीणही नको. हे सगळं धोंडीबाला ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग नव्हता, कारण करणारा पारावरून उठून गेला होता.

गयाबाई, त्याची बायको, म्हणाली, माझा भाऊ काय मेला आहे का? तिचा धाकटा भाऊ माणिकराव बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत वर्कशॉपला होता. तिथं तऱ्हेतऱ्हेचं पोलाद भंगारात पडतं.

धोंडीबा बसनं गेला. माणिकरावनं क्वार्टरच्या दारातच त्याला पाती दाखवली. यंत्राच्या करवतीचं मोडकं पान कापून, चाकावर घासून केलेली, आरशासारखी. धोंडीबानं एक पातं मनगटावरून फिरवलं तर केस नुसत्या स्पर्शानं गळाले.

"हे लोखंड लोखंडाले कापते, भाऊजी," माणिकराव म्हणाला. "तुमचं डुक्कर काय रेल्वेचा रूळ हाय?"

दोघं हसले. मेव्हण्यानं पाती घडवली, बायकोनं भरवसा दिला, आणि धोंडीबानं ती फडक्यात बांधून जेवणाच्या डब्यात भाकरीखाली ठेवली. कामठा-बाणाची माणसं बसमध्ये दिसली की त्या दिवसांत विचारपूस होई. इंद्रवेल्लीला बस थांबली आणि दोन शिपाई चढले. एकानं डब्याकडं बोट करून, हे काय, असं तेलुगूत विचारलं, "इदेंटि?" धोंडीबानं झाकण उघडलं. शिपायानं वरची भाकर उचलली, तिखटाचा वास घेतला, तेलुगूत काहीतरी बोलून हसला आणि भाकर परत ठेवून खाली उतरला. आदिलाबाद येईपर्यंत धोंडीबानं डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. 


तुटलेलं

मेलेल्या बैलाच्या फऱ्याचं रुंद हाड, त्यावर भिजवलेलं गोणपाट दुमडून दुमडून बांधलेलं. हे बांधाला टेकवायचं आणि समोर डुक्कर असतं तर त्याचे केस दिसले असते इतक्या जवळून बाण सोडायचा. अशी पारख इथं सगळेच करतात.

माणिकरावचं पहिलं पातं आरपार गेलं.

धोंडीबा धावत जाऊन ते पाहून आला. गोणपाट फाटलेलं, हाडाला सरळ चीर, पातं जसंच्या तसं. कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीवरचा दगड हलला.

दुसऱ्याचं टोक काचेसारखं उडालं.

तिसरं मानेत मोडलं. चौथं पुन्हा आरपार.

तो बांधावर बसला. तुटलेली एका हातात, टिकलेली दुसऱ्या हातात. रंग तोच, धार तीच, वजन तेच. टिकणारं पातं आणि तुटणारं पातं यांत डोळ्याला दिसेल असा काही फरक नव्हता. आणि जी टिकली ती पुढच्या हाडाला टिकतील का? आज चीर पडली नसेल कशावरून? त्यानं ती नखावर वाजवून पाहिली, उन्हात धरून पाहिली, जिभेला लावून पाहिली. पोलाद काही बोललं नाही.

भिवाजीचं त्याच वेळचं एक पातं त्याच्या घरी उरलेलं होतं. त्याला काडी बसवलेली नव्हती. तेलाच्या फडक्यात गुंडाळून कणगीमागं पडलं होतं. वाकड्या पात्याचं सख्खं भावंड म्हणून त्यानं त्याला इतके दिवस शिवलं नव्हतं. आता रागानंच आणलं. विस्तव नव्हता, म्हणून थंडच काडीत खुपसून दोऱ्यानं आवळलं. वाकायचं तर वाक एकदाचं, म्हणून सोडलं.

काडी निखळून बाजूला पडली. पातं हाडात होतं. हाडाच्या पलीकडं बोटभर बाहेर. टोक सरळ.

म्हणजे

म्हणजे भिवाजीचं

नाही. धोंडीबा उभा राहिला, पुन्हा बसला. बंडीच्या खिशातून वाकलेलं पातं काढलं, हाडातलं उपटून त्याच्या शेजारी तळहातावर ठेवलं. एकाच भट्टीतली दोन. सरळ पात्याचा रंग राखाडी. वाकलेल्याचा काडीपासून टोकापर्यंत निळसर काळा, तव्याच्या बुडासारखा. हा रंग त्यानं आधीही पाहिला होता. रक्ताचा आणि चिखलाचा समजला होता. आता थुंकी लावून पुसला. गेला नाही.


जळलेलं

त्या दिवशी सकाळी हाका सुरू व्हायच्या आधी धोंडीबाच्या बाणाचं पातं काडीत हलत होतं. थंडी होती. ओढ्याकाठी त्यानं आणि उद्धवरावनं पालापाचोळा पेटवला होता, तिथं दोघंच होते. उद्धवराव म्हणाला, आण इकडं. त्याचा हात चांगला. निम्म्या गावाची पाती तोच काडीला बसवी.

पातं बसवताना शेपटी लाल तापवतात आणि तापलेलीच काडीच्या पोकळीत खुपसतात, म्हणजे ती आपली जागा जाळून घट्ट धरते. मग लाख, मग दोरा. पण तापवताना पात्यावर ओल्या चिखलाचा गोळा थापायचा असतो. नाहीतर धग शेपटीतून पात्यात चढते आणि लोहारानं दिलेलं पाणी उतरतं. पातं मऊ होतं. हे इथं शेंबडं पोरही सांगेल.

चिखल हाताशी होता. ओढाच होता. पण पलीकडून हाकाऱ्यांनी डबे वाजवायला सुरुवात केली, आणि चिमटा नव्हता, आणि उद्धवरावनं दोन ओल्या काड्यांत धरून पातं सगळंच्या सगळं विस्तवात घातलं. धोंडीबा शेजारी बिडी ओढत होता. तो ज्वारीकडं पाहत होता. त्यानं पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि त्याच्या ध्यानात आलं नाही. आता कितीही आठवलं तरी यांतलं कोणतं खरं ते त्याला ठरवता येईना.

पारख केली त्याच दुपारी तो उद्धवरावच्या घरी गेला. प्रयागबाई कापूस वेचायला गेली होती. उद्धवराव खाटेवर. धोंडीबानं काही न बोलता दोन्ही पाती त्याच्या छातीवरच्या चादरीवर ठेवली.

उद्धवरावनं मान उचलून पाहिलं. हात लावला नाही.

"चिखल लावला नव्हता ना, दादा?" धोंडीबानं विचारलं.

"मले मालूम हाय," उद्धवराव म्हणाला. "दवाखान्यात शुद्धीवर आलो, तवाच ध्यानात आलं. पयलं तेच आलं. पायाचं मंग समजलं."

"मंग भिवाजीकाकाले म्या पारावर बोललो, ते कानावर आलं तवा काऊन बोलला नाई?"

उद्धवराव आढ्याकडं पाहत सावकाश बोलला.  प्रयागा म्हणते देवानं पाय नेला. देवानं नेला म्हणून ती रडते, रडून झालं की उठते, भाकरी टाकते, माझं अंग पुसते. लोहाराला शिव्या घालते, तिला बरं वाटतं. "म्या माह्या हातानं नेला असं तिले समजलं, धोंडबा, त ती रडनार बी नाई. नुसती पाह्यल माह्याकडं. मले ते पाह्यनं सोसाचं नाई."

बाहेर कोंबडी कुठंतरी ओरडली. धोंडीबानं पाती उचलली.

"सांगशीन?" उद्धवरावनं विचारलं.

 माणिकरावची तुटकी पाती, धोंडीबा म्हणाला, तुला दाखवायची राहिली. आणि निघाला.


पारावर, पुन्हा

वाट एकच होती, आणि ती भिवाजीच्या भट्टीवरून जात होती. धोंडीबा भट्टीवर गेला. भिवाजी विळ्याला दाते पाडत बसला होता. विळे मोजकेच होते. गावातली बरीच माणसं त्या साली विळे तामसीच्या बाजारातून आणू लागली होती. ज्याचं पातं वाकतं त्याचा विळा कसा असेल, असं म्हणत होती. धोंडीबानं दोन पाती मागितली. भिवाजीनं वर न पाहता सांगितलं की ज्या तोंडानं पारावर बोलला त्या तोंडानं पारावर बोल, मग ये.

शनिवार आला. माणसं जमली. धोंडीबानं उभं राहून बोलायचं ठरवलं होतं, पण तो बसूनच बोलला.

आदल्या रात्रीपर्यंत त्याच्या तोंडात दुसरं वाक्य होतं. उद्धवरावचं नाव असलेलं. पारावर आला, समोर माणसं पाहिली. पांडुरंगरावचं तोंड पाहिलं, आत्ताच हसायला तयार असलेलं. उद्या हेच तोंड उद्धवरावच्या खाटेशी जाऊन बसेल. त्याला ते दिसलं.

"पातं बरोबर होतं," धोंडीबा म्हणाला. "बसवताना जाळलं. म्या जाळलं."

 मग पांडुरंगरावनं हळूच विचारलं, "मंग पाय कोनी कापला म्हनाचा?"

"म्याच," धोंडीबा म्हणाला.

भिवाजीनं हात पुढं केला. त्यानं वाकलेलं पातं पहिल्यांदा हातात घेतलं. रंग पाहिला, मान हलवली. मग काडीच्या तुकड्यावरची दोऱ्याची गुंडाळी पाहिली, काडी बोटांत फिरवून पुन्हा पाहिली, आणि डोळे वर करून धोंडीबाकडं पाहिलं. गुंडाळी उलट्या अंगानं गेलेली होती. तशी फक्त डावऱ्या हाताची जाते. धोंडीबा उजव्या हाताचा, उद्धवराव डावरा, हे भिवाजीला माहीत होतं.

"तुले वासराचं दावं धड बांधता येत नाई," भिवाजी मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अन् तू पातं बसवाले चालला."

लोक हसले. गोष्ट तेवढ्यावर मिटली. म्हणजे भिवाजीची मिटली.


बसवलेलं

भिवाजीनं जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड घेतलं. दोन पाती केली, कारण एका बाणानं डुकरासमोर जात नाहीत. पाणी दिलं, पुन्हा जरा तापवलं, वाळल्या गवताच्या रंगावर आलं तसं काढलं. मग पात्यावर चिखलाचा गोळा थापला आणि फक्त शेपटी विस्तवात धरली. धोंडीबा भाता ओढत होता.

"लोक तुह्या तोंडावर थुंकतीन," भिवाजी म्हणाला.

"थुंकू द्या."

"त्यानं बोलाले पाह्यजे होतं."

"काका, तुमी पातं बसवा," धोंडीबा म्हणाला.

लाख वितळल्याचा वास आला.  दोन्ही बाण भिवाजीनं हाडावर सोडून पाहिले नाहीत, धोंडीबानंही पाहिले नाहीत. पारखलेलं पातं पुन्हा धार लावून नेता येतं. पण त्या सकाळी दोघांनाही ते सुचलं नाही, किंवा नको वाटलं.


ज्वारीत

ऊन चांगलं वर आल्यावर तो आत शिरला. बांधावर माणसं उभी होती, लांब. रीत म्हणून कोणी आवाज करत नव्हतं.

ताटं डोक्यापेक्षा उंच. समोर दोन हातांपलीकडं काही दिसत नव्हतं. आडवी झालेली ताटं, चघळलेली कणसं, विष्ठा. मग चिखलात पाय फरफटल्याची खूण. धोंडीबा त्या खुणेवरून चालत राहिला.  एका हातात कामठा, दोरीवर बाण, दुसरा बाण दातांत आडवा.

वास आला. सडक्या जखमेचा वास.

ते बसलेलं होतं. त्याला वाटलं होतं ते धावून येईल. ते बसलेलं होतं, पुढचा पाय पोटाखाली दुमडलेला, खांदा सुजून एवढा झालेला, माशा घोंगावत होत्या. त्यानं धोंडीबाकडं पाहिलं. पाहत राहिलं. धोंडीबाची दोरी निम्मी ओढलेली, आणि ती पुढं ओढवेना. इतके दिवस ज्याच्या भीतीनं त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता ते इथं असं बसलेलं असेल, याची त्यानं तयारीच केली नव्हती.

मग ते उठलं.

उठताना खाली वाकलं आणि सरळ आलं. धोंडीबानं दोरी सोडली. बाण मानेच्या मुळाशी शिरला, पिसापर्यंत आत गेला. डुक्कर त्याला घासून पुढं गेलं, धोंडीबाची मांडी रक्तानं भरली. रक्त डुकराचं होतं. ताटं मोडत ओढ्यापर्यंत गेलं आणि पाण्यात तोंड घालून पडलं. दुसरा बाण सोडावा लागला नाही.

पातं बरगडीला लागून तिच्यातून गेलं होतं. काढून पाहिलं तर सरळ होतं. धोंडीबानं ते पाण्यात धुतलं. बांधावरून माणसं ओरडत खाली येत होती. त्याला आनंद व्हायला हवा होता.


वाटा

वाटे पळसाच्या पानांवर पडले. जनावरानं ज्याचं नुकसान केलं त्याचा वाटा पहिला, तो मारणाऱ्यानं स्वतः नेऊन द्यायचा. धोंडीबा उद्धवरावच्या ओट्यावर गेला. प्रयागबाई दारात आली. तिनं पानाकडं पाहिलं नाही.

"इतके दिस तुमाले चा पाजला म्या," ती म्हणाली. "त्या लोहाराले शिव्या घातल्या. तुमी इथंच बसून आयकून राह्यले होते."

धोंडीबानं तोंड उघडलं. आतून खाट करकरली. उद्धवराव जागा होता, ऐकत होता. धोंडीबा थांबला. आतून कोणी काही बोलेल, एक शब्द, म्हणून थांबला. खाट पुन्हा करकरली नाही.

तो वाटा घेऊन परत आला. घरी गयाबाईनं विचारलं की पातं तुम्ही बसवलं होतं तर मला आधी काऊन सांगितलं नाही, माझ्या भावाला उगाच धावाधाव. तिलाही त्यानं काही सांगितलं नाही. बायकोला सांगितलं की ते प्रयागबाईला सांगितल्यासारखंच.

ज्वारीची कापणी लागली. बाया आता आत जायला तयार होत्या. धोंडीबा विळा घेऊन उद्धवरावच्या शेतात गेला, कोणी बोलावलं नसताना. प्रयागबाईनं त्याला हाकललं नाही. ती शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कापू लागली. तो या टोकाला. दुपारपर्यंत दोघांमधली ज्वारी कमी कमी होत गेली, तशी ती कडेकडेनं आणखी लांब सरकली.

उद्धवरावला बैलगाडीतून आणून बांधावर बसवलं होतं. पाय गेल्यापासून तो पहिल्यांदाच शेतावर आला होता. ऊन त्याच्या अंगावर आलं. सावली बोरीखाली सरकली होती. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, मग हाक मारली, "धोंडबा." धोंडीबानं दोष अंगावर घेतला तेव्हापासून त्यानं त्याला हाक मारली नव्हती.

धोंडीबा विळा टाकून गेला. वाकला. उद्धवरावनं त्याच्या गळ्यात हात टाकला, धोंडीबानं कमरेखाली हात घालून त्याला उचललं. तो हलका झाला होता. उद्धवरावचं तोंड त्याच्या कानाशी आलं, श्वास लागत होता, काहीतरी बोलायला त्यानं सुरुवात केली.

"सोडा त्यायले."

प्रयागबाई ताटांमधून आली होती. हातात विळा तसाच. ती ओरडली नाही. तिनं विळा खाली टाकला आणि दोन्ही हात पुढं केले. "तुमचा हात लागू देऊ नका. मी नेते."

बाया कापायच्या थांबल्या. धोंडीबा उद्धवरावला घेऊन तसाच उभा राहिला. उद्धवराव बायकोकडं पाहत होता. त्याचा गळ्यातला हात आधी घट्ट झाला, इतका की धोंडीबाला मान हलवता येईना.

मग उद्धवरावनं हात काढून घेतला आणि प्रयागबाईच्या खांद्यावर ठेवला.